अडीचचं लग्न

विनितानं लॅपटॉपचा पडदा आणखी दोन बोटं मागं ढकलला. आता कॅमेऱ्यात फ्रिज येत नव्हता. भिंत येत होती, तिचा खांदा येत होता आणि अबोली पैठणीचा पदर येत होता. शेजारी वाटीत अक्षता होत्या. तांदूळ खालच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेला, कुंकू मात्र नाशिकचं. अडीचला दहा मिनिटं कमी होती. जयप्रकाश आत कपडे बदलत होता. रिफायनरीतून येऊन त्याला पंधरा-वीस मिनिटं झाली होती आणि एवढ्या वेळात त्यानं फक्त पाणी मागितलं होतं.

तिकडे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या रजिस्ट्रार ऑफिसात सकाळी साडेअकराला ओवीचं लग्न होतं. साडेअकरा म्हणजे इथले, कुवेतचे, अडीच. फेब्रुवारीत तारीख ठरली तेव्हा जयप्रकाशनं स्वतः फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवलं होतं, सोमवार, दुपारी अडीच, आणि खाली रेघ मारली होती. विनितानं केस धुतले होते, पॉलिक्लिनिकच्या लॅबमधून रजा काढली होती, आणि खिरीला शेवया भाजून ठेवल्या होत्या. लेकीच्या लग्नाला जाता येत नाही तर नाही. पण अक्षता टाकायला तरी कुणाची परवानगी लागणार नव्हती.

तिनं लिंक दाबली. मीटिंग होस्टनं संपवली आहे, असं इंग्रजीत लिहून आलं.

आधी तिला वाटलं, आपण लवकर आलो. मग वाटलं, लिंक चुकली. तिनं पुन्हा दाबली, पुन्हा तेच. ओवीला विचारावं म्हणून तिनं आतून चार्जिंगला लावलेला फोन आणला, आणि पडद्यावर दोन मिस्ड कॉल दिसले, एक वाजून तेहतीस आणि एक वाजून छत्तीस, इंग्लंडचा अनोळखी नंबर. तेव्हा ती बाथरूममध्ये होती. त्याखाली ओवीचा फोटो होता. पांढऱ्या-सोनेरी साडीतली ओवी, बाजूला सूट घातलेला प्रज्वल, टेबलावर उघडं रजिस्टर आणि ओवीच्या हातात पेन. फोटोखाली दोनच शब्द होते. इट्स डन. ते येऊनही अर्धा तास होत आला होता.

विनितानं हाक मारली ती साधीच मारली. अहो, म्हणाली. पण आवाज असा काही निघाला की जयप्रकाश शर्टाची बटणं लावतच बाहेर आला. तिनं फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं फोटो बराच वेळ पाहिला. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरेच्चा. त्यांचं घड्याळ काल बदललं."

काय बदललं? विनिताला क्षणभर खरंच कळलं नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ओवीला तिकडे जाऊन तीन वर्षं झाली होती. उन्हाळ्यात तिकडची वेळ दोन तास मागं आणि थंडीत तीन तास मागं असते, एवढं विनिताला पक्कं माहीत होतं. पण कोणत्या दिवसापासून दोन आणि कोणत्या दिवसापासून तीन, ते तिनं कधी डोक्यात ठेवलं नव्हतं. ते खातं जयप्रकाशचं होतं. रिफायनरीत शटडाऊनची, म्हणजे दुरुस्तीसाठी युनिट बंद ठेवायची वेळापत्रकं आखणारा माणूस तो, मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारा. मार्चच्या एखाद्या रविवारी सकाळच्या चहाला तो आपसूक सांगायचा, आजपासून ओवी दोनच तास मागं. ऑक्टोबरात सांगायचा, आजपासून तीन. बाकी वर्षभर घरात वजा दोन नाही तर वजा तीन एवढं गणित पुरत होतं.

यंदा तो बोलला नाही. लग्नाच्या गडबडीत राहून गेलं असेल, तिला वाटलं. गडबड कसली? घरात लग्नाचा शब्द निघाला की हा टीव्हीचा आवाज वाढवायचा.

आता मात्र तो समजावून सांगायला लागला, आणि चांगला सविस्तर सांगायला लागला. मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एक वाजता तिकडे काटा एकदम दोनवर नेतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागं आणतात. उन्हाळ्यात तिकडे पहाटे चारलाच उजाडतं, माणसं झोपलेली असतात, तो उजेड फुकट जातो, म्हणून तो संध्याकाळकडे सरकवायचा. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला म्हणून हे सुरू केलं. युद्ध संपलं, पण सवय राहिली. आता त्यांचं त्यांनाच ते नको झालंय, दर वर्षी वाद होतात, पण बंद कोणी करत नाही. आपण फेब्रुवारीत हिशोब केला तेव्हा तीन तास बरोबर होते, मधे हा रविवार आला. साडेअकरा म्हणजे आज इथले दीड.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "सॉरी."

सव्वीस वर्षांच्या संसारात त्यानं हा शब्द तिला उद्देशून कधी उच्चारला होता, हे आठवायला विनिताला वेळ लागला असता. पण आत्ता तिला आठवायचं नव्हतं. कोळसा वाचवायला, काय तर म्हणे! मेल्यांनी शंभर वर्षांपूर्वी कोळसा वाचवला आणि माझ्या पोरीचं लग्न माझ्या डोळ्यांआड उरकलं. उजेड काय बरणीतलं लोणचं आहे, सकाळचं संध्याकाळी वाढायला? ती हे मोठ्यानं बोलत होती आणि बोलता बोलता टेबलाभोवती फिरत होती. इथे कुवेतमध्ये बघा, ती म्हणाली, इथे जूनपासून ऊन माणसं भाजून काढतं, तर सरकार सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावरचं काम बंद ठेवतं. माणसाला सावलीत बसवतात. घड्याळाला हात लावत नाहीत. आपल्याकडे नाशिकला कुणी असला चावटपणा केला असता तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

जयप्रकाश मान हलवत होता. तिचं सगळं त्याला पटत होतं. एरवी तिच्या एका वाक्याला त्याच्याकडे तीन उत्तरं तयार असायची.

आणि ती स्वतःवर तर त्याहून चिडली होती. फोनमध्ये कॉव्हेंट्रीचं घड्याळ फुकटात दिसतं. दिवसाला शंभर नमुन्यांवर मिनिटासकट वेळ टाकणारी बाई आपण, आणि एकदा अंगठा फिरवून बघितलं नाही. का? तर फ्रिजवर नवऱ्यानं लिहून ठेवलं होतं.

तिनं ओवीला फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला. मागं ताटल्यांचा, हसण्याचा आवाज होता. मंडळी जेवायला बसली होती. लॅपटॉपवर लग्न दाखवायची जबाबदारी घेतलेली ओवीची मैत्रीण श्वेता आणि प्रज्वलच्या हॉस्पिटलातले चार जण, एवढंच वऱ्हाड. विनितानं घड्याळाचं सांगितलं, एका दमात सांगितलं. ओवी ऐकत होती.

"इट्स ओके, आई," ती म्हणाली. "आय गेट इट."

ते आय गेट इट विनिताच्या काळजात रुतलं. पोरगी रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिला काय कळलं होतं ते विनिताला दिसत होतं. गेले आठ महिने या घरातून जे चाललं होतं, त्याचाच हा शेवट, असं तिला कळलं होतं. प्रज्वल चांगला शिकलेला, हॉस्पिटलात रेडिओग्राफर, निर्व्यसनी. त्याच्यात खोट एकच. त्याचे वडील काशिनाथ पंधरा वर्षांपासून जयप्रकाशच्याच मीना अल-अहमदी रिफायनरीत कंत्राटी पाइप फिटर होते, जवळच्या मंगाफला एका खोलीत सहा जणांत राहायचे, आणि ज्या युनिटमध्ये ते पाइप जोडत होते त्या युनिटच्या कागदांवर जयप्रकाशची सही चालायची. दोघांच्या पोरांची ओळखच मुळी त्यावरून झाली होती. तुझे बाबा पण मीना अल-अहमदीत? माझे पण. एवढ्या मोठ्या परदेशात त्या दोघांना त्याचं अप्रूप वाटलं. जयप्रकाशला नाही वाटलं. मला साहेब म्हणणाऱ्या माणसाला मी व्याही म्हणू, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, आणि मग आठ महिने काही बोललाच नाही. इंग्लंडला जायचा विषय निघाला तर म्हणे शटडाऊन आहे, रजा मिळणार नाही. शेवटी कॅमेऱ्यासमोर बसायला हो म्हणाला, ते विनितानं दोन दिवस अन्न सोडल्यावर.

ओवी सांगत होती, अर्धं इंग्रजीत. रजिस्ट्रार बाईंनी दोनदा विचारलं, अजून कुणी यायचं आहे का. ओवीनं पाच मिनिटं मागून घेतली. श्वेतानं फोन केले. बाबांचा फोन तर कामावर असताना गेटच्या लॉकरमध्येच असतो, ते माहीत होतं, पण आई घरी होती. बाहेर पुढचं जोडपं ताटकळत उभं होतं, मग बाई म्हणाल्या आता सुरू करू या.

"प्रज्वलचे बाबा होते मीटिंगमध्ये, फोनवरून," ओवी म्हणाली. "रिफायनरीच्या गेटबाहेर रस्त्यावर उभे होते. मागून ट्रक जात होते. ही वॉज क्राइंग, आई. बट ही वॉज देअर."

  मग तिनं विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

"आई, खरं सांग. वॉज इट रिअली द क्लॉक?"

"तुझी शपथ," विनिता म्हणाली. "तुझी शपथ ओवी, घड्याळच होतं. आम्ही दोघं इथे तयार होऊन बसलो होतो गं."

जयप्रकाश समोरच्या खुर्चीत होता. वाटीतून टेबलावर सांडलेले अक्षतांचे चार दाणे तो एकेक करून वेचत होता.

ओवीचा आवाज जरा निवळला. ठीक आहे, म्हणाली, मग ठीक आहे. श्वेतानं मीटिंग रेकॉर्ड करायला हवी होती, पण विसरली. फोटो आहेत बरेच. आणि हो, प्रज्वलच्या बाबांनी त्यांच्या बसच्या ड्रायव्हरकडून, फारूक नाव त्याचं, दुसऱ्या फोनवर अख्खं शूटिंग करून घेतलंय. त्यांच्या फोनच्या पडद्याचं शूटिंग. त्यांना मागशील तर देतील. विनितानं लगेच नंबर घेतला.

फोन ठेवल्यावर ती नंबर लावायला लागली तसा जयप्रकाश उठला. आत्ता नको, म्हणाला. तो कामावर असेल, फोन गेटवर असेल. विनिता म्हणाली, नाहीत कामावर, चारच्या बसपर्यंत ते बाहेरच आहेत, ओवीनं सांगितलं. मग तो म्हणाला, उद्या मी साइटवर मागून घेतो. मग म्हणाला, एकदम एवढी सलगी कशाला. तिसऱ्या कारणापर्यंत विनिता स्वयंपाकघरात पोहोचली होती. माझ्या लेकीचं लग्न त्या माणसाकडे आहे, तिनं तिथून सांगितलं, मी त्याच्याकडे मागणार, आणि दार लावून घेतलं.

काशिनाथांनी फोन पहिल्याच रिंगला घेतला. कोण बोलतंय ते कळल्यावर त्यांचा आवाज सावरून उभा राहिल्यासारखा झाला. विनिता त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते आणि मधेच मालवणीवर घसरत होते. तिला वैनी म्हणाले. शूटिंग आहे म्हणाले, आत्ता पाठवतो, ऊन होतं म्हणून पडदा जरा पांढरा दिसतो, पण मंगळसूत्र घातलं ते नीट दिसतं. मग त्यांनीच विचारलं, फार अदबीनं विचारलं, साहेबांना रजा नाही का मिळाली? पडद्यावर तुमची खिडकी दिसली नाही.

आमचा वेळेचा घोटाळा झाला, विनिता म्हणाली. तिकडचं घड्याळ बदललं, आम्हाला कळलंच नाही. अडीचचं समजून बसलो.

 पलीकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. काशिनाथ बोलले तेव्हा त्यांचा आवाज गोंधळलेला होता.

"नाय वैनी, साहेबांका ठावक होता. मीच चुकललंय. सकाळी मी दोन वाजताचो गेट पास लिहून नेललंय सहीक. साहेबांनी बघितल्यानी आणि म्हणाले, काशिनाथ, तिथलं घड्याळ काल एक तास पुढे गेलं, तुझा अडीच नाही, दीड. आपल्या पेनान दोन खोडून एक केल्यानी. वर म्हणाले, गेटपर्यंत चालत वीस मिनिटं जातात, उशीर करू नको."

विनितानं ओट्याची कड धरली. शेवयांचं भांडं तिच्या समोर होतं.

काशिनाथ बोलतच होते, त्यांना थांबायचं कुठे ते कळत नव्हतं. साहेब होते म्हणून मला लेकाचं लग्न दिसलं, नाही तर मी अडीचला येऊन रस्त्यावर नुसता उभा राहिलो असतो. माझ्या बायकोला पण, मालनला, गावी मीच फोन करून बरोबर वेळ कळवली, साहेबांनी सांगितलेली. साहेबांचे उपकार आहेत. साहेबांना तेवढं सांगा. मग त्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण ते एकदम थांबले.

"मी काय चुकीचा बोललंय काय, वैनी?"

"नाही," विनिता म्हणाली. "तुम्ही काही चुकीचं बोलला नाहीत. आणि तुम्ही माझ्या मुलीला एकटं पडू दिलं नाहीत, काशिनाथराव. शुक्रवारी जेवायला या."

त्यांनी हो म्हटलं की नाही ते तिला नीट ऐकू आलं नाही. फोन बंद करून ती तशीच उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटत होतं, पण आलं नाही. जे आलं ते वेगळंच होतं. अर्ध्या तासापूर्वी तिनं अख्ख्या इंग्लंडला शिव्या घातल्या होत्या, आणि हा माणूस मान हलवत ऐकत होता! सॉरी म्हणाला होता! वर महायुद्धाची गोष्ट सांगितली होती, कोळशासकट.  

दार उघडून ती बाहेर आली. जयप्रकाश लॅपटॉप मिटून, वायर गुंडाळून ठेवत होता.

"काशिनाथरावांनी तुमचे आभार मानलेत," ती म्हणाली. "गेट पासवर दोनचा एक केलात म्हणून."

त्याचा हात वायरवर थांबला. त्यानं नाकारलं नाही, तेवढं बरं केलं. वायर खाली ठेवून तो खुर्चीत बसला आणि टेबलाकडे बघत बोलायला लागला. फेब्रुवारीत लिहिलं तेव्हा खरंच चुकलं होतं, म्हणाला. काल सकाळी चहाच्या वेळी लक्षात आलं. सांगणार होतो.

"मग?"

"नाही सांगितलं."

"आणि त्यांना सांगितलंत."

"तो चुकला असता, विनिता. त्याच्या मुलाचं लग्न होतं."

"आणि माझ्या मुलीचं?"

 तो तळहातानं टेबल पुसत राहिला. मग हळू आवाजात, तिच्याकडे न बघता, त्यानं सांगितलं ते असं की त्या मीटिंगमध्ये सगळे सारख्याच मापाच्या चौकटीत दिसतात. मी आणि तो, शेजारी शेजारी. नाव खाली लिहिलेलं. तिकडच्या पोरांपैकी कुणीतरी त्याचा फोटो काढणार, तो फोटो फिरत फिरत साइटवर येणार. उद्यापासून त्या माणसाला मी चूक काढून कागद परत करायचा कसा? जमलं नाही मला, तो म्हणाला. रात्रभर जागा होतो, पण नाही जमलं.

विनितानं हे सगळं ऐकून घेतलं. तिला त्याची कीव येईल असं त्याला वाटलं असेल. नाही आली.

"तुम्ही नसता बसलात. मला बसायचं होतं."

"तू एकटी बसली असतीस तर मी का नाही, ते सगळ्यांना दिसलं असतं."

म्हणजे एवढं सगळं नीट, शटडाऊनसारखं आखलेलं. विनिताला वाटलं, हातातला फोन याच्या अंगावर फेकावा. फेकला नाही, कारण फोन तिला लागणार होता.

"मी आत्ता पोरीची शपथ घेतली," ती म्हणाली. आवाज तिनं वर चढू दिला नाही, त्यासाठी तिला दात घट्ट आवळावे लागले. "तिच्या लग्नाच्या दिवशी तिची खोटी शपथ घेतली मी. आणि तुम्ही समोर बसून ऐकलंत. एक शब्द नाही निघाला तोंडातून."

"शपथेनं काय होतं, विनिता? एवढी शिकलेली तू. हे असलं मानतेस?"

तो हे खरंच विचारत होता. विनितानं ओवीचा नंबर काढला. तो आता अजिजीनं बोलू लागला. ओवीला कळवून काय मिळणार, तिचा आजचा दिवस आहे, तिला घड्याळाचं पटलंय, तर राहू दे घड्याळावर. कुणाचं काही बिघडत नाही. घड्याळ काही बोलत नाही. मी उद्या स्वतः फोन करीन, सावकाश समजावीन. सुट्टीला दोघांना बोलावू, इथे पार्टी देऊ, काय हवं ते करू. तो बोलत होता आणि विनिता नंबर लावत होती.

ओवी लहान असताना शाळेच्या बसमधून रोज नव्या शपथा शिकून यायची. आईची शपथ, देवाची शपथ, बाबांची शपथ, मी चॉकलेट खाल्लं नाही. तेव्हा विनितानं घरात एक नियम घातला होता. खोटी शपथ तोंडातून गेली, तर ज्याची घेतली त्याच्याकडे जायचं आणि त्याला सुटली म्हणायला लावायचं. त्यानं म्हणेपर्यंत जेवण नाही. बाकी सगळी उत्तरं इंग्रजीत देणारी पोर हा एक नियम मराठीत पाळायची. तोंड पाडून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, आणि आई, सुटली म्हण, एवढं म्हटलं की विनिताला पुढचं सगळं कळायचं. काही विचारावं लागायचं नाही.

ओवीनं फोन उचलला. मागं अजून गलका होता. कुणीतरी मोठ्यानं हसलं, प्रज्वल असावा.

"आई? व्हॉट हॅपन्ड?"

"ओवी, सुटली म्हण."

"व्हॉट?"

"आधी सुटली म्हण. मग बोलू."

गलका तसाच चालू होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं आली, दार आलं, आणि गलका एकदम बंद झाला. ओवी बाहेर रस्त्यावर आली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. जयप्रकाश खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच थांबला.

"सुटली," ओवी म्हणाली.

 विनितानं डोळे मिटून घेतले होते.

"तुला माहीत होतं?" ओवीनं मराठीत विचारलं.

"नाही. मला आत्ता कळलं."

"बाबा आहेत तिथे?"

"आहेत."

"त्यांना दे."

विनितानं फोन पुढे केला. जयप्रकाशनं हात पुढे केला नाही. तो मानेनंच नको म्हणत होता. तेव्हा तिनं स्पीकर लावून फोन टेबलावर त्याच्यासमोर ठेवला, आणि एक खुर्ची ओढत नेऊन आतल्या खोलीच्या दाराला अडवून बसली, म्हणजे त्याला उठून जायला वाट राहिली नाही.

"बोल," ती लेकीला म्हणाली. "ऐकतायत ते."